एका फळीवरचे बाबा, दोन फळ्यांवरचे मूल

डिसेंबर उजाडला की आपल्या अनेक घरांतील भ्रमणध्वनींवर एका ठरावीक धाटणीची छायाचित्रे येऊ लागतात. मुलगा, जावई किंवा पुतण्या अमेरिकेत अथवा कॅनडात स्थायिक झालेला असतो. पांढऱ्याशुभ्र उतारावर चार वर्षांचा नातू उभा असतो; डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर मोठा गॉगल, पायांत दोन लांब निमुळत्या पट्ट्या. शेजारी त्याचे वडील उभे असतात. परंतु त्यांच्या पायांखाली दोन पट्ट्या नसून एकच रुंद फळी असते. सांगलीत, बार्शीत किंवा सोलापुरात ते छायाचित्र पाहणाऱ्या आजी-आजोबांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला काळजीचा : एवढ्याशा लेकराला बर्फात न्यावेच कशाला? दुसरा थोडा नंतर सुचतो : बाप एका साधनावर आणि मूल दुसऱ्याच साधनावर, तर मग त्या मुलाला शिकवतो कोण?

हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर नीट मिळाले तर पहिल्या प्रश्नातील काळजीही बरीचशी निवळते; म्हणून आजचा लेख या खेळाविषयी आणि त्यातील बापलेकरांच्या नात्याविषयी.

दोन साधने, एक उतार

प्रथम साधनांची ओळख करून घेऊ. दोन पायांना दोन स्वतंत्र पट्ट्या बांधून, तोंड उताराच्या दिशेने ठेवून घसरणे म्हणजे स्कीइंग. त्याचे बूट कठीण प्लॅस्टिकचे असतात आणि मोठी माणसे हातांत दोन काठ्या धरतात. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात. माणूस उताराकडे खांदा करून, एका कुशीने खाली जातो. बूट मऊ असतात, हातांत काही नसते. ठरावीक मर्यादेपलीकडे जोर पडला की स्कीचा बूट पट्टीपासून आपोआप सुटतो. स्नोबोर्डचे पट्टे तसे सुटत नाहीत. स्कीवर पडणाऱ्याला गुडघ्याची भीती अधिक, तर फळीवर पडणाऱ्याला मनगटाची.

स्कीइंग फार जुने आहे. स्नोबोर्डचा जन्म मात्र आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखतचा, आणि तोही एका बापाच्या हातून झालेला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन या गावी शर्मन पॉपेन नावाचे गृहस्थ राहत. १९६५ च्या नाताळात त्यांनी आपल्या मुलींना घराबाहेरच्या बर्फात खेळता यावे म्हणून दोन स्की एकमेकींना जोडून त्यांची एक फळी केली. त्यांच्या पत्नीने तिला ‘स्नर्फर’ असे नाव दिले. पुढे जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँट राज्यात अशा फळ्या बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. प्रारंभी बहुतेक पर्वतांवर या फळीला मज्जाव होता. व्हरमाँटमधील स्ट्रॅटन या मोठ्या केंद्राने १९८३ मध्ये तिला प्रवेश दिला, तो आरंभीच्या मोजक्या परवानग्यांपैकी एक. जपानमधील नागानो येथे १९९८ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तरीही युटा राज्यातील आल्टा आणि डीअर व्हॅली व व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी आजही स्नोबोर्डला प्रवेश नाही. सहलीचे आरक्षण करताना एका फळीवरच्या बाबांनी ही नावे लक्षात ठेवावीत. नाहीतर मूल उतारावर आणि बाबा उपाहारगृहात, अशी वेळ येईल.

म्हणजे स्नोबोर्ड ही मुळात दोन स्की जोडून, लेकरांच्या खेळासाठी झालेली वस्तू आहे. मग स्नोबोर्डवर वाढलेला आजचा बाप आपल्या लेकराच्या पायांत पुन्हा दोन पट्ट्या का घालतो?

मुलाच्या शरीराचे म्हणणे

याचे कारण मुलाच्या शरीरात आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला नुकतेच धावणे जमू लागलेले असते. त्याचा तोल दोन पायांच्या स्वतंत्र हालचालींवर उभा असतो. एक पाय घसरला की दुसरा सावरतो. स्कीवर हे स्वातंत्र्य शाबूत राहते. सपाट जागेवर बदकासारखे चालता येते, पडल्यावर थोड्या मदतीने उठता येते. फळीवर मात्र दोन्ही पाय एकत्र जखडलेले असतात, शरीर आडवे वळवून नजर खांद्यावरून न्यावी लागते आणि पोट-कमरेच्या स्नायूंनी तोल सांभाळावा लागतो. इतक्या लहान वयात ही जुळवाजुळव बहुतेक मुलांना अवघड जाते. म्हणूनच अनेक केंद्रांवर स्कीचे वर्ग तीन-चार वर्षांपासून असतात, तर स्नोबोर्डचे वर्ग साधारणतः पाच ते सात वर्षांच्या पुढे सुरू होतात.

हा काही अपवाद नसलेला नियम नव्हे. तीन वर्षांच्या मुलांसाठीही आता छोट्या फळ्या मिळतात; पुढे दोरी लावून त्या सपाट बर्फावर ओढता येतात आणि मुलांना त्यात गंमत वाटते. परंतु उतारावरून स्वतःच्या बळावर खाली येणे, वळणे आणि थांबणे हे दोन पट्ट्यांवर लवकर जमते असाच बहुतेकांचा अनुभव आहे. चार वर्षांच्या मुलाचा उत्साह फार वेळ टिकत नाही. पहिल्या दोन तासांत एकदा तरी ‘मला आले!’ असे वाटले नाही, तर तिसऱ्या तासाला ते बूट काढून मागते, आणि मनात बसलेली अढी पुढे अनेक हिवाळे निघत नाही.

एवढे समजले तरी बापाला निर्णय सोपा जात नाही. ज्याने दहा-बारा वर्षे फळीवर काढली, त्याला मुलाच्या पायांतही फळीच पाहायची असते. ‘माझे मूल माझ्यासारखे’ ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु बर्फाचा उतार आपल्या इच्छेला जुमानत नाही. तिथे मुलाच्या पायांचेच म्हणणे खरे ठरते.

जे बापाला दाखवता येत नाही

स्कीवरचा पहिला धडा थांबण्याचा. दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर करून त्रिकोण केला की वेग कमी होतो. अमेरिकेत लहान मुलांना हे ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात, कारण आकार पिझ्झाच्या फोडीसारखा दिसतो. पट्ट्या समांतर ठेवून सरळ जाणे म्हणजे ‘फ्रेंच फ्राइज’. हा बटाटा आपल्या अनेक घरांत खाण्यास वर्ज्य असला, तरी बर्फावर त्याचे नुसते नाव घेण्यास हरकत नसावी!

आता अडचण पाहा. एका फळीचा त्रिकोण होत नाही. बाप स्वतः कितीही निष्णात असला तरी मुलाला आवश्यक असलेली पहिलीच गोष्ट तो आपल्या पायांनी करून दाखवू शकत नाही. तोंडी सांगतो, पण त्या वयाचे मूल ऐकून शिकत नाही, पाहून शिकते. याखेरीज आणखी काही व्यावहारिक अडचणी आहेत, त्यांचा विचार घरूनच करून निघावे.

पहिली गोष्ट पट्टे बांधण्याची. लिफ्टवरून उतरल्यावर फळीवाल्याला मागचा पाय पुन्हा बांधावा लागतो आणि त्यासाठी बरेच जण बर्फावर बसतात. मुलाच्या पायांत स्की आधीच असतात. बाबा खाली बसून पट्ट्यांशी झटत असताना मूल सावकाश घसरू लागते. म्हणून मुलाला उताराला आडवे, दोन्ही पट्ट्या उताराशी काटकोनात ठेवून उभे करावे, आपण त्याच्या खालच्या बाजूस राहावे आणि आपले दोन्ही पाय बांधून होईपर्यंत त्याला हलू देऊ नये.

दुसरी गोष्ट सपाट जागेची. उतार संपला की फळी थांबते. मग एक पाय सोडून त्याने ढकलत जावे लागते. लहान मुलांच्या हातांत काठ्या देत नाहीत, त्यामुळे तेही अडकते. जाणते पालक अशा वेळी स्कीची एक काठी बरोबर ठेवतात. तिचे एक टोक आपल्या हातात, दुसरे मुलाच्या हातात, असे ओढत नेता येते.

तिसरी गोष्ट पाठीमागच्या आंधळ्या बाजूची. फळीवरचा माणूस आडवा उभा असल्याने त्याच्या पाठीकडचा भाग त्याला दिसत नाही. मूल त्या बाजूला गेले तर दोघांची टक्कर होऊ शकते. मूल सदैव आपल्या चेहऱ्याच्या बाजूस राहील अशा रीतीने चालावे. फळीला येथे एक सोयही आहे. टाचेच्या कडेवर जोर देऊन हळूहळू घसरताना तोंड उताराकडे राहते. म्हणजे मुलाच्या वरच्या बाजूला राहून त्याच्यावर अखंड नजर ठेवता येते. बोटांच्या कडेवर घसरताना तोंड वर राहते. म्हणजे मुलाच्या खाली राहून त्याचे हात धरता येतात.

चौथी गोष्ट लिफ्टची. सुरुवात नेहमी ‘मॅजिक कार्पेट’ नावाच्या सरकत्या पट्ट्यावर करावी; तो जमिनीलगत असतो, मूल त्यावर नुसते उभे राहते. उंचावरून जाणारी चेअरलिफ्ट नंतर. तिच्यावर बसताना कर्मचाऱ्याला ‘मूल लहान आहे’ असे आधीच सांगितले तर तो वेग कमी करतो आणि मुलाला उचलून बसवण्यास मदतही करतो. पाठ मागे टेकलेली, आडवा दांडा खाली घेतलेला आणि हालचाल बंद, हे तीन नियम मुलाकडून जमिनीवरच पाठ करून घ्यावेत.

पाचवी गोष्ट उतारावरील शिस्तीची. जो खालच्या बाजूला आहे, त्याचा मार्गावरील हक्क पहिला. वरून येणाऱ्याने त्याला टाळायचे असते. थांबायचे तर कडेला आणि वरून येणाऱ्यास दिसेल अशा जागी; निघण्यापूर्वी वर पाहायचे. उताराच्या मध्यावर बसून पट्टे आवळण्याची सवय असणाऱ्या बाबांनी ती मुलासमक्ष सोडून द्यावी, कारण मूल तेच उचलते.

दोरी आणि आधार

मुलाच्या अंगावर पट्टे चढवून मागे दोरी धरण्याची पद्धत आहे. दोन्ही स्कींची टोके जवळ राहावीत म्हणून एक छोटा रबरी दुवाही मिळतो. पालकांना या वस्तूंचा धीर वाटतो; अनुभवी शिक्षक मात्र त्या बेताने वापरा असे सांगतात. दोरी सतत ताणलेली राहिली तर मूल मागे रेलते, आपला वेग आपण आवरण्याचे शिकत नाही आणि दोरी सुटली की घाबरते. बँकेतील ओव्हरड्राफ्टचे असेच असते. हंगामात चार दिवस उपयोगी पडला तर तो सोय. बाराही महिने मर्यादेला टेकलेला राहिला, तर व्यवहार स्वतःच्या पायांवर नाही असे समजावे. दोरी हातात असावी, पण सैल असावी, आणि शक्य तितक्या लवकर पिशवीत जावी.

खरा आधार प्रशिक्षित शिक्षकाचा. अमेरिकेत स्कीच्या शिक्षकांची व्यावसायिक संघटना १९६१ पासून कार्यरत आहे आणि लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण हा तेथे वेगळा विषय मानला जातो. एक-दोन दिवसांचा वर्ग लावणे खर्चिक असते, हे मी नाकारणार नाही. तथापि खर्चाचा हिशेब नीट मांडावा. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अनेक ठिकाणी लिफ्टचे शुल्क नसते. फक्त सरकत्या पट्ट्यापुरते स्वस्त तिकीट काही ठिकाणी मिळते. बूट आणि स्की विकत घेऊ नयेत. मुलाचे पाऊल दर वर्षी वाढते, आणि दुकाने संपूर्ण हंगामासाठी ही साधने भाड्याने देतात. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठा बूट घेण्याची आपली काटकसर येथे अजिबात लागू करू नये. सैल बुटात पाऊल हलते, स्की वळत नाही आणि मुलाला वाटते की दोष आपला आहे. बुटाचे माप पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीवरून ठरते. आत एकच मोजा घालावा, दोन नव्हेत. बूट किती जोराला सुटावा हे मुलाचे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून तंत्रज्ञ ठरवतो. त्यात आपण हात घालू नये. या हिशेबातून जे वाचते ते शिक्षकावर खर्च करावे.

मुलाला वर्गात सोडले की बाबांनी कुंपणापाशी रेंगाळू नये. मूल रडते, ते बहुधा आईबाप दिसतात म्हणून. दिसेनासे झाले की थोड्या वेळात खेळू लागते. बालवाडीच्या पहिल्या दिवशी आपण सर्वांनी हे पाहिलेले आहे.

थंडी, उंची आणि डबा

लहान मुलांसाठी दीड-दोन तास पुरेसे. थंडीत त्यांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर पांढरट चट्टा दिसला की तत्काळ आत न्यावे. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार. कोलोरॅडोमधील केंद्रांची उंची आपल्या कल्पनेबाहेरची असते. ब्रेकनरिज हे गावच सुमारे २,९०० मीटरवर आहे; आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. तिथे पोहोचलेल्या मुलाला डोकेदुखी, उलटी किंवा झोप न लागणे असा त्रास होऊ लागला तर खेळ बंद करून विश्रांती द्यावी, आणि त्रास वाढल्यास खाली उतरावे. पाणी वारंवार पाजावे. बर्फावरून परतणाऱ्या उन्हासाठी चेहऱ्याला मलम लावावे.

आपल्या घरांसाठी दोन गोष्टी अधिक. थंडीची बरीच जाकिटे बदकांच्या किंवा हंसांच्या मऊ पिसांनी भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. परंतु कृत्रिम तंतूंची जाकिटे आणि मोजेही सर्वत्र मिळतात आणि ओल्या बर्फात ते चांगले काम देतात. चिठ्ठी वाचून घ्यावे. तसेच उपाहारगृहातील गरम चॉकलेटवर तरंगणाऱ्या मार्शमेलोमध्ये साधारणतः प्राणिजन्य जिलेटिन असते. ते घालू नका असे आधीच सांगावे. खाकरा, थेपले, सुकामेवा यांचा डबा बरोबर असला की निम्म्या चिंता मिटतात. खिशात ठेवलेला खाकरा गारठ्यातही तसाच कुरकुरीत राहतो, हा तेथील मंडळींचा अनुभव.

बाबांचा वर्ग

माझा एक भाचा डेन्व्हर येथे असतो. बारा वर्षे स्नोबोर्डवर काढलेला, त्या खेळात चांगला वाकबगार. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा त्याने तिच्यासाठी स्कीचा वर्ग ठरवला. आणि त्याच दिवशी, त्याच वेळेस, प्रौढ नवशिक्यांच्या वर्गात स्वतःचेही नाव घातले. त्या फेब्रुवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे होतो. डेन्व्हरच्या पश्चिमेस डोंगरात लव्हलँड नावाचे केंद्र आहे, पायथाच सुमारे ३,३०० मीटरवर. त्याचा नवशिक्यांसाठीचा भाग वेगळा असल्याने तेथे भरधाव येणाऱ्यांची भीती कमी. आम्ही काचेमागे बसून पाहत होतो.

दुपारी दोघांचे वर्ग सुटले आणि ते एकत्र सरकत्या पट्ट्याकडे गेले. मुलगी पुढे, बाप मागे. बापाच्या पायांना आडवे उभे राहण्याची बारा वर्षांची सवय. तोंड समोर ठेवून घसरताना तो वेडावाकडा होत होता. दोनदा पडला. मुलगी खाली पोहोचली, मागे वळली आणि आम्हांला काचेतूनही ऐकू येईल अशा आवाजात ओरडली, “बाबा, पिझ्झा करा ना! पाय असे करा!” आणि तिने आपल्या पट्ट्यांचा त्रिकोण करून दाखवला. त्याने तो पाहून केला आणि तिच्यापाशी येऊन थांबला. परत आल्यावर ती मला म्हणाली, “आजोबा, बाबांना अजून नीट येत नाही. पण मी शिकवते आहे.”

भाच्याने त्या आठवड्यानंतर फळी सोडली असे नाही. मुलगी वर्गात असते तेव्हा तो फळीवर जातो. तिच्याबरोबर असतो तेव्हा दोन पट्ट्यांवर. प्रत्येकाने असेच करावे असा माझा आग्रह नाही. वर सांगितलेली पथ्ये पाळली तर फळीवर राहूनही मुलाला उत्तम सोबत करता येते. परंतु त्या दुपारी मुलीच्या चालण्यात जो ताठा आला, तो शाबासकीच्या शब्दांनी आला नसता. आपल्याला येणारी एक गोष्ट बाबांना येत नाही आणि ते ती आपल्याकडून शिकून घेत आहेत, हे तिने प्रत्यक्ष पाहिले होते.

दुकानातील फळी

व्यापारी घरांना हे वेगळे सांगायला नको. बँकेत असताना कौटुंबिक पेढ्यांचे कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर येत. नव्या पिढीचे नाव भागीदार म्हणून घातलेले असले की मी वडिलांना आवर्जून विचारीत असे, “चिरंजीव दुकानात काय पाहतात?” “सगळेच पाहतात,” असे उत्तर आले की मी समजत असे, त्यांना अद्याप काहीच सोपवलेले नाही. एका आडत व्यापाऱ्याचे उत्तर मात्र निराळे होते. ते म्हणाले, “उधारी-वसुली माझ्याकडे. मालसाठ्याची संगणकावरची नोंद त्याच्याकडे. त्यातले मला कळत नाही. अडले की मी त्यालाच विचारतो.” मुलगा शेजारीच बसला होता. पुढचे आकडे मी त्यालाच विचारले आणि त्याने ते न अडखळता सांगितले.

आपण मुलांना आपलेच साधन देऊ पाहतो, कारण ते आपल्याला चालवता येते आणि त्यावर आपला अधिकार असतो. मुलाला झेपेल ते साधन दिले की आपला अधिकार थोडा कमी होतो. शिक्षक दुसरा असतो, शब्द दुसरे असतात, आणि कधी कधी आपणच विद्यार्थी होतो. त्या बदल्यात मूल सुरक्षित राहते, लवकर उभे राहते आणि आपल्याजवळ राहते. हा सौदा तोट्याचा नाही.

मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याला एकदा फळीवरही उभे करून पाहावे. तोवर तोल, वेग आणि उतार यांची ओळख झालेली असते; ती फळीवरही कामास येते. मग त्याने बाबांची फळी निवडावी, आपल्या दोन पट्ट्या ठेवाव्यात किंवा दोन्ही आळीपाळीने वापरावे. त्याची निवड त्याच्याकडे.

आणि आजी-आजोबांना एवढेच सांगावेसे वाटते. पुढच्या वेळी तसे छायाचित्र आले, तर दूरध्वनीवर “पडला नाहीस ना?” हा पहिला प्रश्न नसावा. पडणे हा त्या खेळाचा नित्यक्रमच आहे, आणि काळजीने विचारलेला प्रश्न मुलाला भीतीसारखा ऐकू येतो. हेल्मेट होते का, शिक्षक होता का, बूट घट्ट होते का, हे मुलाच्या आईवडिलांना विचारावे. तो आपला हक्कच आहे. नातवंडाला मात्र विचारावे, “आज नवीन काय आले? बाबांना शिकवलेस का?” उत्तर बरेच लांबेल, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच दूरध्वनी करावा.